उसवायचा क्रम

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतला सोफा टेम्पोतून उतरला, तेव्हा दादा दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. सोबत शाळेचा शिपाई होता.

"बाईंनी सांगितलंय, ज्याच्या पोरीने फाडला त्यानेच शिवायचा," तो म्हणाला.

दादांनी कप खाली ठेवला. सोफ्याभोवती एक फेरी मारली. मग वाकून त्याची पाठ बघितली.

"फाडलेला नाहीये."

"मग हे काय आहे?"

"उसवलाय."

शिपाई हसला. मीही हसले असते, पण दादांचा चेहरा दिसला. कडेची गोल दोरी आधी काढलेली होती. मग मागचे खिळे, वरून खाली. मग कापड, शिवणीवरून, एकाच बाजूने. आतला फोम जागच्या जागी होता. नऊ वर्षांच्या मुलीने, रागाने समोरचं काही दिसत नसताना, कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीने हे केलं होतं. आणि कामाचा क्रम चुकला नव्हता.

तो क्रम दादांनीच तिला शिकवला होता.

दादा म्हणजे आमच्या गल्लीतले सोफावाले. जुने सोफे, खुर्च्या, गाडीच्या सीटा, जे येईल ते दुरुस्त करतात. मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहते. नात्याने मी त्यांची कोणी नाही. ते मला "एम.ए." म्हणतात. "काय गं एम.ए., जेवलीस का?" वहिनी पावाच्या कारखान्यात पाकिटं भरतात. मुंगी ही त्यांची एकुलती एक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी. गल्लीने तिला वेगळं नाव ठेवलं होतं. "बॉम्ब आला का शाळेतून?" असं लोक दादांच्या तोंडावर विचारायचे. वर हसायचे.

तिचा राग मी पहिल्यांदा जिन्यातून ऐकला. मला वाटलं, कोणीतरी कोणाला तरी मारतंय. धावत खाली गेले. मुंगी दुकानात जमिनीवर होती आणि डोकं भिंतीवर आपटत होती. दादा तिचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये स्वतःचा तळहात धरून बसले होते. कारण काय, तर बिस्किट मोडलं होतं. पुड्यातून निघालं तेच मोडकं. दुसरं दिलं तर तेही नको. अख्खा पुडा नको. तेच, पण न मोडलेलं हवं.

अर्ध्या तासाने ती फोमच्या तुकड्यांवर झोपून गेली. दादांचा हात सुजला होता. "बिस्किटाचं काही नसतं गं," ते म्हणाले. "सकाळपासून भरत आलेलं असतं. बिस्किट फक्त शेवटी येतं."

वहिनी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं घालायच्या. एकदा भांडी घासताना त्यांची बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते. जुने पिवळे, नवे जांभळे. त्यांनी बाही खाली ओढली.

"भट्टीपाशी भाजलं."

भट्टीला दात नसतात. मी काही बोलले नाही.

बोलायला बाकी सगळे होते. दादांची थोरली बहीण दर आठवड्याला यायची. आल्यावर चप्पल काढायच्या आधी सल्ला काढायची. "दोन ठेवून द्या. सुतासारखी सरळ येते की नाही बघा. आमच्या वेळी नव्हते असले आजार. आमच्या वेळी पट्टा होता."

"म्हणूनच तुम्ही सगळे असे झालात," वहिनी पाठ न वळवता म्हणाल्या.

"ऐकलंस? बायको बघ तुझी! पोरगी कोणावर गेलीय ते कळलं."

दादा दाभणात दोरा ओवत राहिले. त्यांनीही मारून बघितलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एकदाच. मुंगीने उलटून स्वतःलाच मारायला सुरुवात केली होती. त्याच गालावर, तेवढ्याच जोराने. तेव्हापासून त्यांचा हात उठला नाही.

उसवायची युक्ती त्यानंतरची. एका दुपारी तिला राग आला आणि तिने टेबलावरची कात्री उचलली. दादांनी कात्री काढून घेतली आणि तिच्यापुढे एक मोडकी खुर्ची सरकवली. "हिचं कापड काढ. सगळं काढ. पण आधी दोरी, मग खिळे, मग कापड. नाहीतर फोम फाटेल." मुंगीने काढलं. रडत, दात खात, पण काढलं. शेवटी उघड्या सांगाड्यावर बसून तिने पाणी मागितलं.

दादांना वाटलं, सापडलं. जुनी खुर्ची तशीही उसवावीच लागते. राग पण निघतो, काम पण होतं. त्यांनी दुकानाच्या मागे मोडक्या खुर्च्यांचा ढीगच करून ठेवला. मुंगीचे कान लाल झाले, की ते म्हणायचे, "जा, घे एक." गल्लीतल्या लोकांची तेवढीच करमणूक झाली. "सोफेवाल्याने बॉम्बला नोकरीला ठेवलंय."

मलाही ती युक्ती आवडली होती. शहाणपणाची वाटली होती.

मग एक दिवस शाळेत चित्रकलेचा तास ऐनवेळी रद्द झाला आणि गणित लागलं. मुंगी ओरडायला लागली. वर्गशिक्षिकेने तिला बाईंच्या खोलीत नेऊन बसवलं. एकटीला. सोफ्यावर.

तिने तिला येत होतं ते केलं.

बाहेर एक आई आपल्या मुलाला न्यायला आली होती. तिने दाराच्या फटीतून फोनवर सगळं टिपलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. दादांना ते न्हाव्याच्या दुकानात कळलं. अर्धी दाढी झाली असताना न्हाव्याने फोन त्यांच्यापुढे धरला. "ही तुमचीच ना?" व्हिडिओखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. कोणीतरी लिहिलं होतं, "फुकट सोफा खोलून मिळेल, संपर्क साधा." हे लिहिणारी बाई स्वतःच्या मुलाच्या डब्यावर त्याचं नाव सुबक अक्षरात रंगवते. मी तो डबा बघितलाय.

दादा अर्ध्या दाढीने घरी आले.

वहिनींनी आणि दादांनी मिळून मुलांच्या मनाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली होती, ती त्याच आठवड्यात आली. मी सोबत गेले, कारण मुंगीपाशी बाहेर बसायला कोणीतरी हवं होतं. शेवटी तिलाही आत बोलावलं, मलाही. डॉक्टरबाईंनी फार काही लिहिलं नाही. बराच वेळ विचारत होत्या. झोपते कधी. उठल्यावर कशी असते. रागावलेली नसते तेव्हा कशी असते.

वहिनी थांबल्या. "रागावलेली नसते तेव्हा..." त्या म्हणाल्या, "म्हणजे, तेव्हा पण कुरकुरतच असते."

"तेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला उकळी दिसते. पाणी सगळा वेळ तापलेलंच असतं. हे लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. हा आजार आहे. त्याला उपचार आहे, पण वेळ लागतो."

मग दादांनी खुर्च्यांची युक्ती सांगितली. थोड्या अभिमानाने सांगितली. डॉक्टरबाईंनी ती पूर्ण ऐकली.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही रागाला काम दिलंत. आता तो रोज कामावर येणार."

दादांचा चेहरा उतरला.

"तोडल्याने राग संपत नाही. पुढच्या वेळी हात आपोआप तोडायलाच जातो. तुम्ही वाईट केलं नाहीत. पण ते बंद करा."

पुढे जे करायचं ते ऐकायला सोपं होतं. उकळीच्या आधी ओळखायचं. मुंगीचे कान लाल होतात, अंगठ्याचं नख ती बोटाने घासते, तेव्हाच थांबायचं. काही बदलणार असेल तर आधी सांगायचं. दोनच पर्याय द्यायचे, आणि दोन्ही पाळता येतील असे. राग आलाच तर आवाज खाली, शब्द कमी, आपण तिच्याहून खाली बसायचं, टोकदार वस्तू बाजूला. त्या वेळी शिकवण द्यायची नाही. बुडणाऱ्याला पोहणं शिकवत नाहीत. बोलायचं ते नंतर, सगळं शांत झाल्यावर. आणि तिने थोडं जरी आवरलं, तरी ते बघितलं म्हणून सांगायचं.

दादांनी खुर्च्यांचा ढीग दुसऱ्याच दिवशी हलवला. मुंगीला गोल दोरीचा एक तुकडा दिला, एका टोकाला तीन पदर मोकळे सोडून, खिशात ठेवायला. नख घासावंसं वाटलं, की त्याची वेणी घालायची. पहिले दोन आठवडे सगळं आधीपेक्षा वाईट झालं. ती खुर्च्या शोधत दुकानभर ओरडत फिरायची. दादा जमिनीवर बसून राहायचे. बहीण म्हणाली, "आता बापाने पण बैठक मारली." मग हळूहळू ओरडणं लहान झालं. एकदा वेणी घालता घालता ती म्हणाली, "बाबा, माझे कान गरम झालेत." दादा दुकानातून उठून माझ्या जिन्यात आले आणि तोंडावर हात घेऊन रडले.

बाईंचा सोफा तोपर्यंत शिवून परत गेला होता. पण शाळेने प्रश्न सोडला नव्हता. मुंगीला ठेवायचं की नाही, ते समिती ठरवणार होती. दुसरी शाळा नदीपलीकडे होती, आणि त्यांनी व्हिडिओ बघितल्याचं फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे ही गेली, की मुंगी घरी.

डॉक्टरबाईंनी शाळेला फोन करून सगळं समजावलं. दाराजवळची जागा द्या, तोंड धुवून यायला सोडा, तास बदलणार असेल तर आधी सांगा. बस एवढंच.

समितीच्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. "मी आले तर मीच कोणाला तरी चावेन," त्या म्हणाल्या. दादांनी मला नेलं.

खोलीत बाई होत्या, वर्गशिक्षिका होती आणि संस्थेचे सेक्रेटरी होते. सेक्रेटरींच्या पुढ्यात बिस्किटांची बशी होती. मुंगी आत आली, नमस्कार केला, सांगितलं तिथे बसली. खिशातून दोरी काढून वेणी घालायला लागली. छान दिसत होती. केस वहिनींनी विंचरले होते.

सेक्रेटरींनी तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"ही? ही तर गरीब गाय दिसते. आजार वगैरे खरं आहे का, की नुसतं लाडावलेलं प्रकरण आहे?"

"खरं आहे साहेब," दादा म्हणाले.

"तुम्ही बाप आहात, तुम्ही म्हणणारच. डॉक्टर फी घेतात, ते म्हणणारच. आम्हाला निर्णय घ्यायचाय. आम्ही काही बघितलं नको का?"

आणि ते उठले, मुंगीपाशी गेले, आणि तिच्या हातातली दोरी काढून घेतली.

मला आधी समजलंच नाही. वाटलं, बघायला घेतलीय.

"माझी आहे," मुंगी म्हणाली.

"हो का? मग माग."

"द्या ना."

"नीट माग."

"प्लीज द्या."

त्यांनी दोरी उंच धरली. ते हसत होते. वर्गशिक्षिकेने फोन बाहेर काढला. "नोंदीसाठी," असं ती हळूच म्हणाली. बाईंनी बशी आपल्या बाजूला ओढली, टेबलाच्या कडेपासून लांब. बशी त्यांना बरोबर सुचली.

मुंगीचे कान लाल झाले. ती अंगठ्याचं नख घासायला लागली. "माझे कान गरम झालेत," ती मोठ्याने म्हणाली. ती शिकवलेलं सगळं करत होती. त्या खोलीत शिकवलेलं करणारी ती एकटीच होती. तिने दादांकडे बघितलं.

दादा खुर्चीवरून पुढे सरकले.

"बसा हो," सेक्रेटरी म्हणाले. "मध्ये पडलात तर आम्हाला काय कळणार? ठेवायचंय ना तिला शाळेत?"

दादा बसले.

"दादा, उठा," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं असेल. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

मग ते झालं. खुर्ची पडली. मुंगी किंचाळली आणि तो आवाज खोलीत मावेना. तिने सेक्रेटरींच्या पोटरीवर लाथा मारल्या, त्यांच्या मनगटाला चावली, मग जमिनीवर पडून डोकं आपटायला लागली. सेक्रेटरी मागे सरकले. "बापरे! बापरे!" घाबरलेले होते, आणि खूषही होते. माकडाने दात दाखवल्यावर पिंजऱ्याबाहेरची माणसं होतात तसे. वर्गशिक्षिकेचा फोन वरून खाली आला, तिच्यामागे.

तेव्हा दादा उठले. जमिनीवर बसले, तिच्या बाजूला, तोंड दुसरीकडे करून, आणि डोकं आणि फरशी यांच्यामध्ये तळहात सरकवला.

बराच वेळ गेला. कोणी बाहेर गेलं नाही. शेवटी मुंगी हुंदके देत निपचित पडली आणि सेक्रेटरी मनगट चोळत जागेवर बसले. एक बिस्किट घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "हा खरंच आजार आहे. डॉक्टर म्हणतात त्या सवलती देऊन टाका, बाई. आपण काही राक्षस नाही."

"आपली शाळा पहिल्यापासून सगळ्यांना सांभाळून घेते," बाई म्हणाल्या.

दादांनी मुंगीला उचललं. दाराशी थांबून ते "आभारी आहे" म्हणाले. त्या दोन शब्दांची मला अजून शिसारी येते. दादांची नाही. ज्यांनी ते त्यांच्याकडून म्हणवून घेतले त्यांची.

घरी ती झोपली. उठल्यावर दूध प्यायली. दादा नियमाप्रमाणे गप्प होते. शांत झाल्याशिवाय बोलायचं नाही. मुंगीच बोलली.

"मी सांगितलं होतं, कान गरम झालेत."

"हो."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग तू बसून का राहिलास?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्याही उत्तराची वाट बघत होत्या. त्यांना सगळं मी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या दादांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मला भीती वाटली," दादा म्हणाले. "उठलो तर ते तुला काढतील अशी. चुकलो मी. उठायला हवं होतं."

मुंगीने विचार केला. "मी त्या माणसाला चावले."

"चावायचं नाही."

"माहितीये. पण तो दोरी देत नव्हता."

"ते पण वाईटच केलं त्याने."

वहिनी आत आल्या आणि दादांच्या पुढ्यात चहा आदळला. चहा दिला, एवढं तरी झालं.

दुसऱ्या दिवशी दादांनी तिला दोन पर्याय दिले. आज शाळेत जायचं, किंवा आठवडाभर घरी राहून मग जायचं. मुंगी म्हणाली, "आज. पण तू बाहेर बस. घरी जायचं नाही."

दादांनी उशांच्या खोळी, सुई आणि दोरा पिशवीत भरला आणि शाळेच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुकान बंद. पुढच्या दिवशीही तेच. येणाऱ्या आया कुजबुजायच्या. व्हिडिओवालीने एकदा अगदी गोड आवाजात विचारलं, "कशी आहे हो आता?" दादांनी दाताने दोरा तोडला. मुंगी मधल्या सुट्टीत फाटकापर्यंत यायची, ते आहेत ना बघायची आणि परत जायची. कधी ओरडल्याचा आवाज यायचा. कधी तास संपल्यावर थांबायचा. दार जवळ होतं, नळ जवळ होता. दिलेल्या सवलती उपयोगी पडत होत्या. हेच मला गिळता येत नव्हतं. जे मिळवायला तिला पिंजऱ्यातलं माकड केलं, ते फुकट द्यायच्या लायकीचं होतं. एक दाराजवळचं बाक.

मीही अधूनमधून दादांचा डबा घेऊन जायचे. एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका मुंगीला घेऊन फाटकाबाहेर आली. चेहरा हसरा. हातात तोच फोन.

"तुमच्यासाठी आनंदाची बातमी! पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जाहिरातीत हिचा फोटो घ्यायचं ठरलंय. विशेष मुलांना सामावून घेणारी शाळा म्हणून. सेक्रेटरीसाहेबांची खास इच्छा आहे. एक हसरा हवा."

कोणी काही बोलायच्या आत मुंगी म्हणाली, "नको."

"अगं, एकच. हस बघू."

"नको म्हटलं ना." तिचे कान लाल होत होते. हात खिशात गेला, दोरीपाशी.

"अशी काय गं, सगळ्यांना किती अभिमान..." आणि तिने फोन वर केला.

दादा उठले. मांडीवरची खोळ मातीत पडली. ते फोनच्या आणि मुंगीच्या मध्ये जाऊन उभे राहिले, शिक्षिकेकडे तोंड करून. उंचीने ते फार नाहीत. पण फोनमध्ये त्यांच्या शर्टाची बटणंच दिसत असणार.

"ती नको म्हणाली," ते म्हणाले.

"अहो, पण साहेबांना मी काय सांगू?"

"हेच."

शिक्षिकेने ओठ मुडपले. मग फोन खाली गेला. "तुमच्यासारख्या लोकांचं भलं करायला जावं..." असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. सेक्रेटरी हे विसरणार नव्हते. दादांनाही ते माहीत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मुंगीने खिशातून हात काढला. दोरीला वेणीचे दोन पेड पडले होते.

"आवरलंस तू," दादा म्हणाले. "मी बघितलं."

"अजून आवरलेलं नाही," मुंगी म्हणाली. "थांब जरा. बोलू नको."

दादा बोलले नाहीत. कट्ट्याच्या खाली, मातीत, तिच्या बाजूला, तोंड दुसरीकडे फिरवून बसले. ती वेणी घालत राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. फाटकावरचा शिपाई "चला, चला" म्हणत आला, दोघांना बघितलं, आणि फाटक उघडंच ठेवून उभा राहिला.